चाखणारीचा भाऊ

आमच्या कारखान्यात बिस्किटं करणारी माणसं दोनशे आणि चाखणारी चार. त्या चौघांत मी सगळ्यात जुनी. सव्वीस वर्षं झाली. पिठात साखर चिमूटभर जास्त पडली तरी माझ्या जिभेला कळतं, आणि तेल जुनं असलं तर तोंडात घालायच्या आधीच कळतं. आमचे विक्रीसाहेब पाहुण्यांना घेऊन येतात आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणतात, "ह्या बाई म्हणजे आमचं यंत्र." मला यंत्र म्हटलेलं मुळीच खपत नाही. पण साहेबाला कोण सांगणार?

चाखणं म्हणजे खाणं, असं बाहेरच्या सगळ्यांना वाटतं. तसं ते नसतं. आम्ही चौघं एका पांढऱ्या खोलीत बसतो, मध्ये लाकडी आडोसे. समोर ताटलीत नंबर घातलेली बिस्किटं येतात. एक घास तोडायचा, दहा-बारा वेळा चावायचा, जिभेवर सगळीकडे फिरवायचा, आणि थुंकायचा. शेजारी झाकणाचं स्टीलचं भांडं असतं. मग कोमट पाण्यानं चूळ भरायची, कागदावर गुण लिहायचे, पुढचा नंबर. गिळायचं नाही. गिळलं की अकरा वाजेपर्यंत जीभ सुस्तावते आणि सगळं सारखंच लागायला लागतं. दिवसाला साठ-सत्तर नमुने होतात, त्यातला एकही पोटात जात नाही.

हे बाहेर बोलायचं नाही, अशी पहिल्या दिवसापासून ताकीद. पाहुणे यायचे असले की भांडी टेबलाखाली सरकवतात. कारखान्याच्या रंगीत पुस्तकात तर छापलंय, आमचे चाखणारे रोज साठ बिस्किटं आवडीनं खातात. वाचून मी कपाळावर हात मारला होता. पण खरं सांगायचं तर मला ताकिदीची गरजच नव्हती. अन्न तोंडात घालून थुंकते, हे कुठल्या तोंडानं सांगणार होते मी? तेही आमच्या घरात?

आमच्या घरात म्हणजे मी आणि माझा भाऊ. वडील आधीच गेलेले. आई गेली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि तो आठ. त्याला सगळे छोट्या म्हणायचे. पुढे तो दारात मावेनासा झाला तरी छोट्याच राहिला, आणि या गोष्टीवर सगळ्यात जास्त तोच हसायचा. "नाव बदलून घ्यायला अर्ज करतो," म्हणायचा.

मी कारखान्यात लागले त्या पहिल्या वर्षी चूल एकदाच पेटायची, संध्याकाळी, आणि पातेल्यात दीड माणसाचं व्हायचं. त्याचं ते वाढतं वय. ताट चाटूनपुसून माझ्याकडे बघायचा. एक दिवस मी माझं ताट त्याच्याकडे सरकवलं. "तुला नको?" म्हणाला. म्हटलं, "अरे, दिवसभर बिस्किटं खाते मी. आता पाणीसुद्धा उतरायचं नाही." त्यानं विश्वास ठेवला. आठ वर्षांचं पोर, का नाही ठेवणार? मग रोज तेच. तीन-चार वर्षं तेच. पोटात कावळे ओरडत असायचे आणि मी पोट भरल्याचा ढेकर द्यायची. ढेकर खोटा देता येतो, सवयीनं जमतो.

शनिवारी आम्हाला तुटक्या बिस्किटांची पिशवी मिळायची. भाजताना जी मोडतात ती. छोट्या कोपऱ्यावर उभा राहून वाट बघायचा. रविवार उजाडायच्या आत पिशवी रिकामी. मला काय आनंद व्हायचा! पोरगं अंगानं भरतंय, गाल वर आलेत, शेजारणी म्हणायच्या, बहीण असावी तर अशी. मी हुरळून जायची. पुढे परिस्थिती बरी झाली, दोन वेळचं जेवण व्हायला लागलं, पण पिशवी काही थांबली नाही. तो तिशीचा झाला, शिवणकाम शिकला, स्वतःचं दुकान काढलं, गिऱ्हाइकं त्याला मास्तर म्हणायला लागली, तरी शनिवारी मी पिशवी आणायचीच. प्रेम करायची दुसरी रीत मला आली नाही.

आणि मी अशी काटकुळी. वारा आला तर उडून जाईन, असं छोट्याच म्हणायचा. दिवसभर थुंकून माझी भूकच मेली होती. पण त्याला ते कुठे माहीत? त्याच्या लेखी हिशेब साधा होता. ताई दिवसभर बिस्किटं खाते आणि बारीक राहते. मी आठवड्याला एक पिशवी खातो आणि फुगतो. म्हणजे दोष बिस्किटाचा नाही, दोष माझा.

हे तो मला पहिल्यांदा कधी बोलला ते आठवत नाही. हसत हसत बोलला असेल, म्हणून माझ्या लक्षात आलं नाही. पण गेल्या वर्षी त्याचे पाय सुजायला लागले. दोन पायऱ्या चढला की भिंत धरायचा. मी हट्टानं डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाची एक झडप खराब आहे. दाखल व्हा, आमच्या देखरेखीखाली वजन उतरवू आणि ऑपरेशन करू, उशीर करू नका. छोट्यानं चिठ्ठी घेतली, घडी घातली आणि दुकानात जाऊन बसला.

"जाणार कधी तू?" मी रोज विचारायची.

"काय करू जाऊन? तोंड आवर म्हणतील. ते मला घरबसल्या कळतं."

"अरे, हृदयाचं दुखणं आहे ते!"

"ताई, तिथे सगळे माझ्याकडे कसे बघतात माहितीये? खाऊन खाऊन आलाय, असं. आणि खरंच आहे ना ते. तुझ्यासमोर दिवसभर ताटल्या येतात, तुझं काही वाकडं होत नाही. मला एक पिशवी पुरत नाही. हावरट आहे मी. हावरटपणाला कुठे ऑपरेशन असतं?"

तेव्हा सांगायला हवं होतं. चार शब्दांचं काम होतं. बाबा रे, मी थुंकते. ओठांपर्यंत यायचं आणि परत जायचं. कारण ते सांगितलं की पुढचंही आलं. मग ती ताटं? ते ढेकर? सव्वीस वर्षांपूर्वीचं खोटं आता उकरून काढायचं माझ्या जिवावर आलं होतं. म्हटलं, आज नको. असे किती आज गेले.

त्यातच हे कराचं निघालं. गोड आणि तळलेल्या पाकिटातल्या खाण्यावर जादा कर लावायचा, म्हणजे लोक कमी खातील आणि लठ्ठपणा घटेल, असं सरकारच्या मनात आलं. झालं! पेपरात तेच, बसमध्ये तेच, न्हाव्याच्या खुर्चीत तेच. एक म्हणायचा, पोरांचे दात आणि काळजं वाचतील. दुसरा म्हणायचा, गरिबाच्या तोंडी एवढंच गोड पडतं, तेही महाग करा. मला दोन्हीकडचे पटायचे आणि दोन्हीकडच्यांचा राग यायचा. जो तो जाड माणसांबद्दल असा बोलायचा की जणू जाड माणसांना कानच नाहीत.

मग लोकांची मतं ऐकायला सरकारनं नेमलेल्या समितीनं जाहीर सुनावणी ठेवली, आणि विक्रीसाहेबांनी मला बोलावून घेतलं. खुर्ची दिली, चहा दिला. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

"बाई, कारखान्यातर्फे तुम्ही बोलायचं. सव्वीस वर्षं बिस्किटं खाऊन माणूस कसा राहतो, ते तुमच्याकडे बघून कळतं. आम्ही शंभर कागद दिले तरी तुमची सर नाही यायची."

"पण साहेब, आम्ही तर..."

"एवढ्या खोलात कोण शिरतंय? तुम्ही फक्त सांगा, सव्वीस वर्षं हेच काम करते, आणि ही मी अशी आहे. कर लागला तर दुसरी भट्टी बंद पडेल, माहीत आहे ना? ऐंशी घरं आहेत."

मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि वर ऐंशी घरांची शिडी लावली. मी हो म्हणून आले.

छोट्याला सांगितलं तर त्याला कोण आनंद! ताई माईकवर बोलणार! रागानं येऊ नको म्हटलं तरी ऐकेना. दुकान बंद ठेवून, स्वतःसाठी नवा शर्ट शिवून, सकाळी सकाळी तयार. सभागृह पहिल्या मजल्यावर. बावीस पायऱ्या. मी खालून मोजल्या, तो वर पोचेपर्यंत तीनदा थांबला. शेवटच्या रांगेत त्याला एका खुर्चीत बसता येईना, तर दारावरच्या शिपायानं न बोलता दुसरी खुर्ची आणून जोडून दिली. त्या शिपायाचे उपकार मी विसरायची नाही.

सुनावणी म्हणजे नुसता गलका. दुकानदारांच्या संघटनेचा माणूस टेबलावर मुठी आपटून बोलला. एका शाळेच्या मुख्याध्यापिका बोलल्या, त्यांच्या मुलांचं ऐकून मला कसंतरी झालं. मग एक किडकिडीत गृहस्थ उठले आणि म्हणाले, "ज्यांना जीभ आवरत नाही त्यांच्यापायी आमच्या खिशाला चाट कशाला?" आणि सभागृहातल्या निम्म्या माना वळल्या. कुठे वळल्या ते सांगायला नको. छोट्या छताच्या पंख्याकडे बघत बसला होता. त्याचे कान लाल झाले होते. मला वाटलं, त्या गृहस्थाच्या मुस्कटात द्यावी.

तेवढ्यात माझं नाव पुकारलं.

मी साहेबांनी सांगितलं तसं बोलले. सव्वीस वर्षं चाखते, दिवसाला साठ-सत्तर बिस्किटं, आणि ही मी अशी आहे. लोक हसले, टाळ्या वाजल्या. मी खाली बसणार, तर समितीतल्या एक डॉक्टरीणबाई पुढे झुकल्या. वयानं माझ्याएवढ्याच, चष्मा साखळीला लावलेला.

"एक विचारते, बाई. चावता ते समजलं. पण गिळता का?"

साहेब माझ्याकडे बघत होते. मी साहेबांकडे बघितलं नाही. मी छोट्याकडे बघितलं. तो दोन खुर्च्यांवर, नव्या शर्टात, पुढे वाकून, तोंडभर हसत माझ्या उत्तराची वाट बघत होता. हा काय प्रश्न झाला, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. नोकरीची भीती होती, नव्हती असं म्हणणार नाही. पण इतक्या लोकांसमोर त्याला कळावं, की त्याची ताई सव्वीस वर्षं त्याच्याशी खोटं बोलली, हे मला झेपेना.

"गिळते," मी म्हणाले. "न गिळून कसं चालेल? अन्न आहे ते."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि लिहून घेतलं.

तिथेच संपलं असतं तर बरं होतं. पण मागून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. छोट्या उभा राहिला होता. शिपायानं त्याच्याकडे माईक नेऊन दिला. जन्मात कधी चारचौघांत न बोललेला माणूस.

"मी यांचा भाऊ," तो म्हणाला. धाप लागलेली माईकमधून ऐकू येत होती. "आम्ही एकाच घरात वाढलो. तेच बिस्कीट ही खाते, तेच मी खातो. हिच्याकडे बघा आणि माझ्याकडे बघा. दोष बिस्किटाचा असता तर दोघांना लागला असता. दोष माझा आहे. माझ्या बहिणीच्या कारखान्यावर कर लावू नका."

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या किडकिडीत गृहस्थानं उभं राहून टाळ्या वाजवल्या. विक्रीसाहेब माझ्या कानात म्हणाले, "अहो, हे आधी का नाही सांगितलंत? यांनाच आणलं असतं." मी तिथे उभी होते आणि मला जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. माझ्या भावानं माझ्यासाठी भर सभेत स्वतःला चोर ठरवलं होतं, आणि चोरी माझी होती.

उतरताना सातव्या की आठव्या पायरीवर तो बसला. हसत म्हणाला, "जरा दम खातो." मग हसू गेलं आणि ओठ निळे पडले. त्याच शिपायानं आणि आणखी तिघांनी उचलून त्याला खाली आणला.

तो दवाखान्यातून घरी आला नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं मला नीट सांगता येईल. पाच दिवस होता. तिसऱ्या दिवशी ऑपरेशनला हो म्हणाला, पण तोवर हृदय इतकं थकलं होतं की डॉक्टरांनीच हात वर केले. तो गेल्यावर मी समितीच्या कचेरीत गेले आणि त्या डॉक्टरीणबाईंना भेटून म्हटलं, माझं वाक्य खोडा, मी गिळत नाही, थुंकते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, सही घेतली. कारण विचारलं नाही. कारखान्यानं मला घरी बसवलं, तरी बोलताना अजून 'आमचा कारखाना'च म्हणते मी. कर लागला की नाही, किती लागला, ते आता मी वाचत नाही.

तिसऱ्या दिवसाचं मात्र सांगायचंय. दुपारची वेळ होती. शेजारची खाट रिकामी होती, खिडकीतून ऊन त्याच्या पायांवर आलं होतं. दवाखान्याचं ताट आलं होतं, मऊ भात आणि उकडलेला भोपळा, सगळं बिनमिठाचं. त्यानं हात लावला नव्हता.

"ताई, मी गेलो तर तुला त्रास वाचेल," तो म्हणाला. "पिशवी तरी वाहायला नको. आणि रागावू नको हं. मी खूप प्रयत्न केला. एकदा महिनाभर पिशवी गिऱ्हाइकांच्या पोरांत वाटून टाकली, तुला सांगितलं नाही. पण नाही जमलं. देवानं तुला शहाणं शरीर दिलं, मला नाही दिलं. जाऊ दे."

पुढचा-मागचा विचार न करता मी बोलून गेले.

"मी थुंकते रे छोट्या. एकही बिस्कीट गिळत नाही. सव्वीस वर्षांत एकही नाही. आम्ही सगळेच थुंकतो, भांडं असतं शेजारी. तू हावरट नाहीस. तू कधीच हावरट नव्हतास. तू फक्त मी दिलेलं खाल्लंस."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता चिडेल. चिडावा, दोन शिव्या हासडाव्यात, असं मनापासून वाटलं. निदान रडेल तरी, सुटल्यासारखा श्वास सोडेल. मी त्याचं ओझं काढून घ्यायला गेले होते ना! त्याचे डोळे माझ्यावरून हलले आणि छताला लागले. ओठ हलत होते. काहीतरी मागे मागे जाऊन शोधत होता.

"मग तेव्हा," तो हळू म्हणाला, "आई गेल्यावर... तू जेवायचीस कधी?"

मी त्याच्या अंगावरची चादर सारखी करायला लागले.

"ताई. तू जेवायचीस कधी?"

"कारखान्यात... कधी कधी..." मी म्हणाले, आणि माझं खोटं मलाच पुढे नेता येईना.

त्यानं डोळे मिटले. कडेनं पाणी ओघळून उशीत गेलं. "म्हणजे तुझं ताट," तो म्हणाला. "ते तुझंच होतं. आणि मी वर म्हणायचो, अजून आहे का." एवढं बोलायलाही त्याला तीनदा थांबावं लागलं. एक ओझं काढायला गेले आणि दुसरं छातीवर ठेवून बसले. माझ्यासारखी मूर्ख बाई जगात नसेल.

मग त्यानं हाताच्या इशाऱ्यानं ताट जवळ ओढायला सांगितलं. मला वाटलं, भूक लागली असेल. बरं वाटलं. मी चमचा त्याच्या हातात दिला. त्याची ती जाडजूड बोटं, त्याच बोटांनी सुईत दोरा एका झटक्यात ओवायचा, त्यांतून आता चमचा दोनदा निसटला. त्यानं भात कालवला, चमच्यात घेतला आणि माझ्यासमोर धरला.

"अरे, तू खा. तुझं ताट आहे ते."

"आ कर."

"छोट्या, मी..."

"आ कर म्हणतो ना."

मी तोंड उघडलं. अळणी, गार भात. मी चावायला लागले. सवयीनं मोजतही होते, दहा, अकरा, बारा. रडू वर येत होतं आणि घास खाली जाईना, आणि माझी मान आपोआप बाजूला वळली, जिथे एरवी भांडं असतं तिकडे.

छोट्यानं माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. तो माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हता. माझ्या गळ्याकडे बघत होता, नीट, बारकाईनं, गिऱ्हाइकाचं माप घेताना बघायचा तसा.

"गिळ," तो म्हणाला. "गिळ, ताई. मला बघू दे."